खेड्यातला पैसा तालुक्याच्या गावात जिरतो की वाहून जातो?

जिंतूर तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. तो पुण्यात नोकरी करतो, भाऊ गावी पाच एकर कोरडवाहू बघतो. तो विचारतो, "आमचं तालुक्याचं गाव डोळ्यांदेखत वाढलं. शोरूम आल्या, दवाखाने झाले, प्लॉटचे भाव कुठल्या कुठे गेले. मग भावाची कमाई होती तिथंच का राहिली? अशा छोट्या शहरांमुळे शहर-खेड्यातली दरी कमी होते की वाढते? आणि चार पैसे गुंतवायचे तर मी तालुक्याला प्लॉट घेऊ की दुसरं काही करू?"

माझी सगळी नोकरी मराठवाड्यातल्या बँकेच्या ग्रामीण शाखांत गेली. शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. आता शेतकरी उत्पादक कंपन्यांचे ताळेबंद आणि कर्जप्रस्ताव बघतो. इतकी वर्षं पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हेच पाहत आलो आहे, त्यावरून सांगतो. तालुक्याचं गाव किती वाढलं, यावर दरी ठरत नाही. ते गाव आसपासच्या खेड्यांकडून काय विकत घेतं आणि खेड्यांना काय विकतं, यावर ठरते. माल आणि मजुरी विकत घेणारं गाव खेड्याला वर ओढतं. नुसतं विकणारं गाव खेड्यातला पैसा गोळा करून पुढे पाठवतं. वरून दोन्ही सारखीच भरभराटलेली दिसतात.

आधी दरी केवढी आहे ते पाहू. केंद्र सरकारच्या घरगुती खर्चाच्या पाहणीत 2023-24 साली ग्रामीण भारतात माणशी महिन्याचा खर्च 4,122 रुपये निघाला आणि शहरी भारतात 6,996 रुपये. म्हणजे शहरी खर्च 70 टक्क्यांनी जास्त. 2011-12 मध्ये हाच फरक 84 टक्के होता. दरी कमी झाली असं यावरून म्हणता येतं, पण जपून. हा खर्चाचा आकडा आहे, कमाईचा नव्हे. सोनं गहाण ठेवून केलेला दवाखानाही त्यात खर्च म्हणूनच धरला जातो.

कमाईचं चित्र दुसऱ्या एका सरकारी पाहणीत जास्त स्पष्ट दिसतं. 2018-19 मध्ये शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न 10,218 रुपये होतं. त्यात पिकांतून आले 3,798 रुपये आणि मजुरी-पगारातून आले 4,063. हे देशाचे आकडे आहेत. पण कोरडवाहू मराठवाड्यात माझ्या टेबलासमोर बसलेल्या बहुतेक घरांचा हिशेब याच अंगाने जायचा. सातबारा शेतकऱ्याचा, आणि चूल पेटते ती मजुरीवर. ही मजुरी वर्षातून किती दिवस, किती लांब आणि काय दराने मिळते, हे बऱ्याच अंशी तालुक्याच्या गावाच्या हातात असतं.

आता सोयाबीनचा एक कट्टा घ्या आणि त्याच्या मागे मागे चला. दिवाळीच्या तोंडावर माल मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात येतो. आडत्याच्या दारात ढीग पडतो. खरेदीदार मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारतो, यंत्रात ओलावा बघतो. ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की भाव उतरतो. सौदा होतो, हमाली-तोलाई वजा होऊन हिशोबपट्टी हातात पडते. 2024 च्या हंगामात हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि मोंढ्यातले बहुतेक सौदे त्याच्या खालीच झाले. मग तो पैसा खिशात घालून शेतकरी बाजारपेठेत उतरतो. कृषी सेवा केंद्राची जूनपासूनची उधारी, मोटारसायकलचा थकलेला हप्ता, पोरीची फी, म्हातारीची सोनोग्राफी. संध्याकाळी गावाकडच्या जीपमध्ये बसेपर्यंत निम्मीशिम्मी रक्कम संपलेली असते. खताचा पैसा कंपनीला गेला, हप्ता फायनान्सला गेला, तालुक्यात मागे राहिलं ते दुकानदाराचं कमिशन.

आणि सोयाबीन? ते ट्रकमध्ये भरून लातूरकडे निघालं. तिथल्या कारखान्यात 100 किलो सोयाबीनमधून साधारण 18 किलो तेल आणि 80 किलोच्या आसपास पेंड निघते. पेंड कोंबडीखाद्याला जाते. वाटेत हमाल, ट्रकवाला, दलाल, गोदामवाला, मुनीम, फिटर, बारदान्याचा व्यापारी अशी कितीतरी घरं त्या एका कट्ट्यावर चालतात. यातली बहुतेक घरं कारखाना जिथे आहे तिथली. जिंतूरच्या वाट्याला आला तो हमालीचा पैसा आणि आडत. आपल्याकडे "पाणी अडवा, पाणी जिरवा" प्रत्येकाला पाठ आहे. पैशाला तोच नियम लागू पडतो. तालुक्यात तो चार हातांतून फिरला तर आसपासच्या खेड्यांत पाझरतो. मोंढ्यातून तडक हायवेला लागला तर खेडं कोरडंच.

मग गिरण्या काही गावांतच का? याचं उत्तर बरंचसं निजामाच्या काळात आहे. 1900 च्या सुमाराला मनमाड-हैदराबाद मीटरगेज झाली. जालना, परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी, नांदेड ही तिच्यावरची ठाणी. कापसाचं जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे सरकी काढून गाठी बांधण्याचं काम, या पट्ट्यात आलं आणि मोंढे मोठे झाले. 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज लातूरला पोचली आणि लातूरच्या बाजारपेठेला बळ मिळालं. बीड शहरात प्रवासी रेल्वे यायला मात्र 17 सप्टेंबर 2025 उजाडावा लागला. तुमचं जिंतूर आजही रुळापासून दूर आहे. 1984 मध्ये राज्य सरकारच्या दांडेकर समितीने विकासाचा अनुशेष, म्हणजे कुठला भाग किती मागे राहिला ते, मोजलं ते जिल्हावार: रस्ते किती, सिंचन किती, दवाखाने किती. ते मोजायला हवंच होतं. पण जिल्ह्यातली तालुक्याची गावं कशावर जगतात, हा प्रश्न तेव्हापासून बाजूलाच पडला आहे. अनुशेषाच्या भाषणांत तो मला कधी ऐकू आला नाही.

एकाच शहरात दोन तऱ्हांचे धंदे असले की फरक नीट कळतो. जालना बघा. लोखंडाच्या सळ्यांचं जालना देशभर माहीत आहे. भंगार बाहेरून येतं, वीज ग्रिडमधून येते, भट्टीजवळच्या कामावर मोठ्या संख्येने परप्रांतीय मजूर असतात आणि सळई बाहेर जाते. शहराची उलाढाल प्रचंड, पण भोकरदन-मंठ्याच्या शेतकऱ्याशी तिचं नातं पातळ. याच जालन्यात 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाण्यांची कंपनी उभी केली. 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्यांच्या धंद्याला शेत लागतंच. बीजोत्पादनाचे प्लॉट शेतकऱ्यांकडे असतात, फुलांचं परागीकरण हाताने करावं लागतं. जालना आणि शेजारच्या देऊळगाव राजाच्या पट्ट्यात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बियाणं घेणारी अनेक कुटुंबं आहेत. काम नाजूक आहे, बियाणं नापास झालं तर नुकसानही शेतकऱ्याच्याच अंगावर येतं, त्यामुळे त्याचे फार गोडवे गात नाही. पण मजुरी गावात मिळते आणि एकराचं उत्पन्न कोरडवाहू पिकाच्या कितीतरी वर जातं. उलाढाल लोखंडाची मोठी असेल, पण खेड्याच्या घरात पैसा पोचवण्यात बियाणं पुढे आहे.

तुमच्या जवळचं उदाहरण वसमतचं. हळद काढली की कंद शिजवावे लागतात, वाळवावे लागतात, ड्रममध्ये घोळून पॉलिश करावे लागतात. कच्चा कंद तसाच मोंढ्यात नेता येत नाही, म्हणून शिजवण्याचे कुकर शेतावर येतात आणि ऐन उन्हाळ्याच्या तोंडाला गावातच काम निघतं. मालावरची पहिली प्रक्रिया पिकाच्या स्वभावामुळेच खेड्यात राहिली. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पावडर करून पाकिटात भरण्याचं काम बरंचसं अजून बाहेर होतं, तेवढा पैसा बाहेरच जातो.

लातूर-उदगीरच्या डाळमिलांबद्दल थोडं. तुरीचा दाणा आधी यंत्रात खरवडतात, त्याला तेल-पाणी लावतात, वाळवतात, मग भरडतात. 100 किलो तुरीतून 70 ते 75 किलो डाळ पडते. चुनी आणि टरफल जनावरांच्या खाद्यात जातं. मिल शेजारी असली की शेतकऱ्याला दोन बाजूंनी फायदा होतो. खरेदीदार जास्त असल्याने सौद्यात चढाओढ होते, आणि हंगामात मजुरी मिळते. ड्रायर आणि सॉर्टेक्स (दाणे निवडणारं यंत्र) आल्यापासून वाळवण-निवडणीचं बायकांचं काम घटलं, हेही खरं आहे. तरी भरणं, शिवणं, चढवणं-उतरवणं, वाहतूक, दुरुस्ती यात माणूस लागतोच.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हंगामाचं गणित. सोयाबीन येतं ऑक्टोबर ते डिसेंबर. कापूस नोव्हेंबरपासून. तूर जानेवारी ते मार्च. म्हणजे गिरण्यांचा खरा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होऊन होळीपर्यंत चालतो. कोरडवाहू शेतातलं काम नेमकं याच महिन्यांत ओसरत जातं. आणि नेमके याच महिन्यांत बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी या तालुक्यांतले लोक ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा, पोरं आणि बैल बरोबर घेऊन पश्चिम महाराष्ट्र किंवा कर्नाटक गाठायचं. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर टनाला 366 रुपये ठरला. उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही त्याच मुकादमाकडे. 2019 मध्ये या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. पाळीमुळे खाडा पडू नये, म्हणून शरीराचा अवयव काढून टाकण्यापर्यंत गोष्ट जाते. ज्या महिन्यांत ही माणसं चारशे किलोमीटरवर उसाच्या फडात असतात, त्याच महिन्यांत त्यांच्या तालुक्यातला कापूस सरकी न काढता आणि तूर न भरडता बाहेर जाते. माल एका दिशेला, माणूस दुसऱ्या दिशेला. या दोघांची गाठ तालुक्यात पडली असती तर उचल घेण्याची वेळ कितीतरी घरांवर आली नसती. हे मी फार मनापासून लिहितो आहे, कारण उचलीचा बॉण्ड लिहून देणारे अनेक जण माझ्या शाखेचे खातेदार होते आणि मुदतीत पीककर्ज न भरल्याने त्यांना आम्ही दारातून परत पाठवत होतो.

गाठ पडायची तर संध्याकाळी घरी परतता आलं पाहिजे. गाव सोडून भाड्याने राहिलं की मजुरीतला मोठा हिस्सा खोलीभाड्यात जातो आणि शेत, गुरं, म्हातारी माणसं वाऱ्यावर पडतात. म्हणून मी कुठल्याही तालुक्यात गेलो की शेवटची एसटी कधी सुटते ते विचारतो. मुक्कामी गाडी असेल तर त्या खेड्यातल्या पोरी कॉलेजला जातात, बायका जिनिंगवर, दवाखान्यात, दुकानात कामाला जातात. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईसाठी ही थेट पगारवाढ होती. पण जिथे फाट्यापर्यंतच गाडी येते, तिथे त्या सवलतीचा उपयोग फाट्यापासून पुढेच.

आता दुसरी बाजू, म्हणजे खेड्यातला पैसा तालुक्यात येऊन अडकतो किंवा निसटतो ती. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेवक यांची नेमणूक खेड्यात, राहणं तालुक्याला. पगार खेड्याच्या नावावर निघतो, पण किराणा, घरभाडं, पोरांचे क्लास यावर तो तालुक्यात खर्च होतो. त्या माणसांची अडचणही मला कळते, खेड्यात पोरांना शाळा आणि बायकोला दवाखाना नीट मिळत नाही. पण परिणाम असा की खेड्यातलं प्रत्येक जरा बरं कमावतं घर शहराच्या आकड्यात गेलं आणि मागे उरली ती कमी कमाईची घरं. दरीचा काही भाग हा असा आहे: कमाई वाढली, पण कमावणाऱ्याने पत्ता बदलला.

लातूरच्या शिकवण्यांचंही असंच. लातूर पॅटर्नमधून गोरगरिबांची पोरं डॉक्टर-इंजिनिअर झाली. त्या कष्टाबद्दल मला आदर आहे. पण फी, मेस, खोलीभाडं हा पैसा येतो खेड्यातून, कधी दागिने मोडून, कधी एकर विकून. मुलगा शिकला की पुण्याला किंवा मुंबईला. घर वर येतं, गाव होतं तिथेच राहतं. तुम्ही स्वतः पुण्यात आहात, तुम्हाला हे मी वेगळं सांगायला नको.

बँकेचीही यात भूमिका आहे. ग्रामीण आणि निमशहरी शाखांनी 100 रुपये ठेवीमागे निदान 60 रुपये कर्ज त्याच भागात द्यावं अशी रिझर्व्ह बँकेची अपेक्षा असते. जिथे ती गाठली जाते, तिथेही कर्ज कशासाठी दिलं ते बघा. पीककर्ज, सोनेतारण, वाहन, घर. गिरणीसाठी दिलेलं कर्ज शोधावं लागतं. उरलेली ठेव मोठ्या शहरांतल्या कर्जदारांकडे जाते. व्याज जास्त मिळतं म्हणून ज्यांनी पैसा स्थानिक मल्टिस्टेट पतसंस्थांत ठेवला, त्यांच्यापैकी कित्येकांची आयुष्याची पुंजी गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात बुडाली. आणि ज्यांच्याकडे खरंच भांडवल आहे, ते आडते, मोठे बागायतदार, डॉक्टर, गुत्तेदार, ते पैसा प्लॉटिंगमध्ये घालतात. शेत एनए (बिगरशेती) केलं, खांब रोवले, प्लॉट पाडले, तीन वर्षांत दुप्पट. त्या जागेवर कुणाला रोजगार मिळत नाही. उलट तालुक्यात मिल किंवा गोदाम काढू म्हणणाऱ्याला जमीनच परवडेनाशी होते. तुमच्या तालुक्याच्या गावात प्लॉटचे भाव वाढले आणि भावाची कमाई थांबली, या दोन वेगळ्या घटना मानू नका.

छोट्या शहरांचा खेड्यांना फायदा होतो, हे फक्त मलाच वाटतं असंही नाही. जॉन गिब्सन, गौरव दत्त, रिंकू मुरगई आणि मार्टिन रॅव्हॅलियन या अर्थतज्ज्ञांनी उपग्रहांनी टिपलेल्या रात्रीच्या उजेडावरून भारतातल्या शहरांची वाढ मोजली. ग्रामीण गरिबी घटवण्यात मोठ्या शहरांपेक्षा छोट्या शहरांची वाढ जास्त कामी येते, असा त्यांचा 2017 मधला निष्कर्ष आहे. कारण सरळ आहे: गरीब माणसाला तिथवर पोचता येतं. पण उजेड मिलचा आहे की शोरूमचा, हे उपग्रहाला कळत नाही. ते आपल्याला जमिनीवर उतरूनच बघावं लागतं.

करायचं काय, हे विचारणाऱ्यांना बहुधा यंत्राचं अनुदान आठवतं. पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये मिळतात. चांगली योजना आहे. पण मिल यंत्रावाचून क्वचित बंद पडते, बंद पडते ती खेळत्या भांडवलावाचून. दिवसाला 50 क्विंटल तूर भरडणारी छोटी मिल घ्या. क्विंटलला 7,500 रुपये धरले तर एका दिवसाचा कच्चा माल पावणेचार लाखांचा. वीस दिवसांचा साठा करायचा तर 75 लाख हाताशी हवेत, आणि तेही जानेवारीत, आवक असताना. उत्पादक कंपन्यांच्या कितीतरी मिल उद्घाटनाच्या फोटोत दिसतात आणि मार्चमध्ये कुलूपबंद असतात, ते यामुळे. कर्जप्रस्ताव घेऊन येणाऱ्या प्रत्येक कंपनीला मी आधी कॅश क्रेडिटचं, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाचं विचारतो, यंत्राचं नंतर. शेतकऱ्याच्या बाजूने बाजार समितीची शेतमाल तारण योजना आहे: माल गोदामात ठेवा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, 6 टक्के व्याज, 180 दिवसांची मुदत. पुढे भाव वाढेलच याची हमी कुणी देऊ शकत नाही. पण दिवाळीच्या गर्दीत, उधारीवाला दारात असताना विकण्याची सक्ती तरी टळते. मात्र ज्या समितीकडे गोदामच नाही किंवा स्वतःचा निधी नाही, तिथे ही योजना कागदावर राहते. तुमच्या समितीत काय स्थिती आहे ते भावाला सचिवांकडे जाऊन विचारायला सांगा.

आता तुमचे चार पैसे. प्लॉट घेतलात तर कदाचित नफा होईल, भावाच्या कमाईत त्याने काडीचा फरक पडणार नाही. तुमचा हेतू भावाची कमाई वाढवण्याचा असेल तर आधी त्याची कृषी सेवा केंद्राची उधारी जूनमध्ये रोखीने मोडा. उधारीत बियाणं-खताचा भाव चढा लागतो आणि माल विकायची घाई होते, ती दोन्ही एकदम सुटतात. त्यानंतरही हातात रक्कम असेल आणि जवळच्या उत्पादक कंपनीत भाग घ्यायचा विचार असेल, तर लेखापरीक्षण झालेले तीन वर्षांचे ताळेबंद मागा. मिल वर्षातून किती महिने चालली, त्यातला किती माल सभासदांकडून घेतला आणि किती व्यापाऱ्याकडून, शेतकऱ्यांना मालाचे पैसे किती दिवसांत चुकते झाले, संचालक एकाच घरातले आहेत का, एवढं तपासा. आणि एकदा जानेवारीत, सुटी काढून, तूर येत असताना भावाबरोबर तिथे जा. कट्टे शिवणारी माणसं कुठल्या गावची आहेत आणि घरी कशी परततात, ते त्यांनाच विचारा. तीन वर्षांचे ताळेबंद द्यायला कुणी टाळाटाळ केली, तर पैसे खिशातच ठेवा.